उन्हाळ्यात मारामाऱ्या वाढतात, म्हणून ‘हवामान बदलामुळे गुन्हे वाढले’ असं लिहायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एका शहराच्या दहा वर्षांच्या पोलिस नोंदी आणि त्याच काळातलं कमाल तापमान तुमच्याकडे आहे. महिन्याची सरासरी काढून दोन्ही शेजारी ठेवल्यावर मारहाणीचे गुन्हे आणि तापमान यांचा सहसंबंध (दोन आकडे किती सोबत हलतात याचं माप, ० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.६ आला. आता ‘हवामान बदलामुळे गुन्हेगारी वाढते’ असं अहवालात लिहून पुढच्या तीस वर्षांचा अंदाज देता येईल का?

त्या ०.६ च्या जोरावर नाही देता येणार. संबंध खोटा आहे असं मात्र मी म्हणत नाही. तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतले आहेत. उष्ण दिवशी गुन्हे वाढतात का? असे दिवस वाढले की गुन्हेही त्याच हिशोबाने वाढतील का? आणि दुष्काळ, पूर, वादळं हे हवामान बदलाचे बाकीचे परिणाम कुठल्या गुन्ह्यांना वाट करून देतात? पहिल्याचं उत्तर तुमच्या फाइलमधून निघू शकतं. दुसऱ्याचं अर्धवट निघेल. तिसऱ्यासाठी वेगळीच माहिती गोळा करावी लागेल.

मासिक सरासरीपासून सुरुवात करू, कारण घोळ तिथेच आहे. उन्हाळ्यात एकटं तापमान वाढत नाही. दिवस मोठा होतो, शाळा-कॉलेजं बंद असतात, लोक रात्री उशिरापर्यंत घराबाहेर असतात, दारू जास्त खपते, घरं कुलूपबंद राहतात. अडॉल्फ केटले या बेल्जियन सांख्यिकीतज्ज्ञाने १८३१ मध्येच फ्रान्सच्या नोंदींवरून दाखवलं होतं की माणसांविरुद्धचे गुन्हे उन्हाळ्यात आणि मालमत्तेचे गुन्हे हिवाळ्यात वर जातात. म्हणजे तुमचा ०.६ हा ऋतूचा आकडा आहे, त्यात उष्णतेचा वाटा किती हे त्यातून कळत नाही. त्यासाठी तुलना बदलायला हवी. एकाच पोलिस ठाण्याच्या हद्दीतला, एकाच वर्षाच्या एकाच महिन्यातला कडक उन्हाचा मंगळवार त्याच महिन्यातल्या साध्या मंगळवारशी ताडून पाहा. ऋतू, वार, वस्ती सगळं तेच राहतं, फक्त पारा बदलतो.

अशा तुलनेतूनही संबंध दिसतो, आणि तो बऱ्याच ठिकाणी दिसलेला आहे. लॉस एंजेलिसवरच्या २०२१ च्या अभ्यासात कमाल तापमान २९.४ अंशांच्या (८५ फॅरनहाइट) वर गेलेल्या दिवशी एकूण गुन्हे २.२ टक्क्यांनी आणि हिंसक गुन्हे ५.७ टक्क्यांनी जास्त आढळले. गरीब वस्त्यांत हा परिणाम अधिक होता. आकड्याचा आकार लक्षात ठेवा: पाच-सहा टक्के. तुमच्या मॉडेलमधून चाळीस टक्के आले तर आनंद मानण्याआधी चूक शोधा.

हे का होतं याची दोन स्पष्टीकरणं आहेत, आणि त्यांतला फरक तुमच्या शिफारशींपर्यंत जाऊन पोचतो. पहिलं शरीराचं: झोप होत नाही, चिडचिड वाढते, शब्दाला शब्द लागतो. दुसरं संधीचं. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी १९७९ मध्ये मांडलं की गुन्ह्यासाठी तीन गोष्टी एका जागी याव्या लागतात: करायला तयार माणूस, सावज आणि राखणदाराचा अभाव. ऊबदार संध्याकाळी रस्त्यावर माणसं जास्त असतात, म्हणून तिघांची गाठही जास्त वेळा पडते. कारण पहिलं असेल तर घरं थंड ठेवणं हा उपाय ठरतो. दुसरं असेल तर रस्त्यावरचे दिवे आणि गस्त.

या दोन कारणांची फारकत करायला तुरुंग उपयोगी पडला. कैद्यांची दिनचर्या हवेप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे संधीचा भाग जवळजवळ गळून पडतो. मिसिसिपीतल्या तुरुंगांच्या अभ्यासात दिवसाचं सरासरी तापमान ८० फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण २७ अंशांच्या वर गेलं की हिंसक प्रसंग सुमारे २० टक्क्यांनी वाढलेले दिसले. म्हणजे शरीराचं कारण खरं आहे. आता उलट बाजू बघा. मॅथ्यू रॅन्सन यांनी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ३,००० काउंट्यांच्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांच्या) तीस वर्षांच्या नोंदी तपासल्या. हिंसक गुन्हे तापमानाबरोबर सरळ चढत गेले, पण चोऱ्या-घरफोड्या साधारण १० अंशांपर्यंतच वाढल्या आणि पुढे जवळपास सपाट राहिल्या. कडाक्याच्या थंडीत चोरही घरात बसतो आणि मालकही, हे संधीचं गणित आहे. म्हणून ‘एकूण गुन्हे’ असा एक रकाना करून रेषा काढू नका. मारहाण, घरातली हिंसा, घरफोडी, वाहनचोरी, जबरी चोरी, सगळं वेगळं ठेवा.

आता फाइल उघडा. मॉडेलपेक्षा निकाल जास्त वेळा इथेच बिघडतो.

‘गुन्हा घडल्याची तारीख’ आणि ‘नोंदल्याची तारीख’ हे दोन वेगळे रकाने आहेत का ते आधी पाहा. फक्त नोंदीची तारीख असेल तर रोजच्या तापमानाशी जोडणी मारहाणीपुरती कशीबशी चालेल, लैंगिक गुन्हे आणि घरातल्या हिंसेसाठी अजिबात चालणार नाही. मग घडल्याची कोणती वेळ किती नोंदींत आहे ते मोजा. रात्री ००:०० आणि दुपारी १२:०० वर नोंदींचे ढीग दिसतील, तारखांमध्ये महिन्याची १ तारीख आणि १ जानेवारी फुगलेली दिसेल. वेळ ठाऊक नसली की भरणारा हेच भरतो. हे ढीग वेगळे काढून विश्लेषण दोनदा करा, त्यांच्यासह आणि त्यांच्याविना.

रात्री दीडची मारामारी कॅलेंडरप्रमाणे दुसऱ्या दिवसाची ठरते, पण तिच्यामागचा उकाडा आदल्या दिवसाचा असतो. म्हणून गुन्ह्याचा दिवस सकाळी सहा ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहा असा धरा. एवढ्या एका बदलाने शनिवार-रविवारचे आकडे जागेवर येतात.

घरफोडीत ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन वेळा असतात. घर शुक्रवारी संध्याकाळी बंद केलं आणि सोमवारी सकाळी उघडलं, तर चोरी तीनपैकी कोणत्याही रात्री झालेली असू शकते. ती सोमवारच्या खात्यावर टाकू नका. तिन्ही रात्रींना एक-तृतीयांश वाटून द्या, आणि अंतर पाच दिवसांहून मोठं असेल तर ती नोंद रोजच्या हिशोबातून बाजूला काढा.

तापमानाचंही तसंच आहे. केवळ कमाल घेऊ नका. झोप मोडते ती रात्रीच्या किमान तापमानाने, आणि दमट हवेत कमी पाऱ्यावरही अंगाची काहिली होते. किमान तापमान आणि आर्द्रता दोन्ही आणा. मोजणारं केंद्र दहा वर्षांत हललं असेल तर मालिकेत खोटी पायरी दिसते. केंद्राच्या नोंदीत खंड असेल तर युरोपीय हवामान केंद्राची ईआरए५ ही तासातासाची मालिका वापरता येते. तिच्यात नकाशा चौकोनांत वाटलेला असतो आणि एक चौकोन साधारण ३१ किलोमीटरचा असतो, त्यामुळे शहरातल्या दोन वस्त्यांमधला फरक तीत दिसणार नाही.

शिवाय दहा वर्षांत नोंदवण्याचे नियम बदललेले असतात. नवं ठाणं झालं, जुन्याची हद्द तुटली, हेल्पलाइन सुरू झाली, कायद्यात व्याख्या बदलली, की त्या तारखेला आकडा उडी घेतो. अशा तारखांची यादी आधी हाताने करा.

मॉडेल साधंच पुरतं. प्रत्येक ठाणं आणि प्रत्येक दिवस अशी एक ओळ, त्यात गुन्ह्यांची संख्या, आणि पॉयसन रिग्रेशन (मोजून आलेल्या संख्यांसाठीची, कशाने आकडा किती बदलतो ते काढायची पद्धत). नियंत्रण म्हणून, म्हणजे तुलनेत स्थिर धरायच्या गोष्टी म्हणून, ठाणं, वर्ष-महिना, आठवड्याचा वार, सुट्ट्या आणि पाऊस. तापमान एका सरळ रेषेत न घालता तीन-तीन अंशांच्या कप्प्यांत घाला आणि मधला कप्पा तुलनेसाठी ठेवा, म्हणजे रेषा कुठे वाकते ते दिसेल. ती वाकते का यावर जुना वाद आहे. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराच्या नोंदींवरून १९९७ मध्ये असं मांडलं गेलं की फार उष्णता झाली की मारहाणी पुन्हा कमी होतात. २००५ मध्ये तीच माहिती दिवसाच्या वेळेनुसार फोडून पाहिल्यावर, मारहाणी जास्त होतात त्या रात्रीच्या तासांत रेषा वरच जात असल्याचं दुसऱ्या गटाने दाखवलं. म्हणून शक्य असेल तर दिवसाचे तीन-तीन तासांचे तुकडे करा.

दोन ठिकाणी हमखास पाय घसरतो. एक, ठाणी तीस आणि दिवस ३,६५० असतील तर ओळी १,०९,५०० होतात आणि माहिती भरपूर आहे असं वाटतं. पण सगळ्या ठाण्यांना एका दिवशी एकच तापमान असतं, म्हणजे खऱ्या अर्थाने वेगळी तापमानं ३,६५० च आहेत. प्रमाण त्रुटी (निकाल नुसत्या योगायोगाने किती हलू शकतो याचं माप) तारखेनुसार, किंवा आठवड्यानुसार, गट करून काढली नाही तर नसलेला परिणामही ठाम दिसेल. दोन, दारूविक्री किंवा रस्त्यावरची गर्दी नियंत्रण म्हणून घालायचा मोह होतो. घालू नका. उष्णतेचा काही परिणाम त्यांच्या मार्फतच होतो. त्यांना स्थिर धरलंत तर मोजायचा तोच भाग कापून टाकाल.

माहिती पुरेशी आहे का याचा हिशोब कागदावर होतो. समजा शहरात रोज सरासरी १२ मारहाणी नोंदतात आणि उष्ण दिवशी ५ टक्के वाढ अपेक्षित आहे. म्हणजे दिवसाला ०.६ जास्त. पण १२ सरासरीच्या आकड्यात नुसत्या योगायोगाने साडेतीनचा चढउतार रोज असतोच. ०.६ चा फरक त्या गोंगाटातून वर यायला कमीत कमी १३०-१३५ उष्ण दिवस लागतात, आणि खात्रीने हवा असेल तर अडीचशेच्या पुढे. दहा दिवसांची एक लाट पाहून ‘गुन्हे वाढले’ किंवा ‘काहीच झालं नाही’ असं सांगणाऱ्या बातम्या म्हणूनच गांभीर्याने घेऊ नका.

मॉडेल चालल्यावर ते पाडायचा प्रयत्न करा. पुढच्या आठवड्याचं तापमान आजच्या गुन्ह्यांशी जोडून पाहा, परिणाम शून्य यायला हवा. कागदपत्रांच्या बनावटीसारख्या, उकाड्याशी घेणं-देणं नसलेल्या गुन्ह्यावर तेच मॉडेल चालवा, तिथेही शून्यच यायला हवा. आला नाही तर ऋतू कुठून तरी अजून गळतोय.

मग मागच्या सात ते चौदा दिवसांचं तापमानही घाला, कारण काही गुन्हे नव्याने होत नाहीत, फक्त आधी होतात. जेकब, लेफग्रेन आणि मोरेटी यांनी २००७ मध्ये दाखवलं की हवामानामुळे एका आठवड्यात हिंसक गुन्हे १० टक्क्यांनी वाढले तर पुढच्या आठवड्यात ते २.६ टक्क्यांनी घटतात. परवा होणारं भांडण आज झालं, तर महिन्याची बेरीज तेवढी वाढत नाही. एका दिवसाचा परिणाम तीस दिवसांनी गुणणारे लोक इथे फसतात.

घरातल्या हिंसेत उशिराचा दुसरा प्रकार दिसतो, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. माद्रिदच्या अभ्यासात उष्णतेच्या लाटेनंतर पोलिसांकडच्या तक्रारी एका दिवसाने वाढल्या, जोडीदाराकडून होणाऱ्या हत्यांचा धोका तिसऱ्या दिवशी, आणि हेल्पलाइनचे फोन पाचव्या दिवशी. बाईला फोन उचलायला पाच दिवस लागतात, तोवर लाट ओसरलेली असते आणि जादा नेमलेली माणसं घरी गेलेली असतात. त्याच दिवसाच्या तापमानाशी त्याच दिवसाचे फोन जोडले तर हा परिणाम हातातून निसटतो. संबंध किती खोल असू शकतो याचा अंदाज भारत, नेपाळ आणि पाकिस्तानातल्या १,९४,८७१ मुली आणि स्त्रियांच्या माहितीवरच्या २०२३ च्या अभ्यासातून येतो: वार्षिक सरासरी तापमानात १ अंश वाढीमागे जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसेचं प्रमाण ४.४९ टक्क्यांनी जास्त. ही माहिती सर्वेक्षणातून आलेली होती. पोलिस नोंदींत यातलं फारच थोडं उतरतं.

इथवरचं सगळं रोजच्या हवेबद्दल होतं. हवामान बदलाकडे वळताना पायाखालची जमीन बदलते. जागतिक हवामान संघटना हवामानाची सरासरी तीस वर्षांवर काढते, तुमच्याकडे दहा आहेत. त्या दहा वर्षांत हवामान बदलाने किती उष्ण दिवस वाढवले हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर हवामानशास्त्रज्ञांच्या मॉडेलमधून आणावं लागतं. हवामान बदलामुळे उष्ण दिवस आणि उष्ण दिवसांमुळे गुन्हे, हे दोन दुवे जोडल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही.

पुढचे अंदाज दिले गेले आहेत. रॅन्सन यांच्या हिशोबाने २०१० ते २०९९ या काळात हवामान बदलामुळे अमेरिकेत २२,००० जादा खून आणि १२ लाख गंभीर मारहाणी होतील. आकडा अंगावर येतो. पण ९० वर्षांना भागा: वर्षाला अडीचशेच्या आत खून. त्याच देशात खुनाचं प्रमाण १९९१ मध्ये लाखामागे ९.८ होतं आणि २०१४ मध्ये साडेचारच्या आसपास आलं, तेही पृथ्वी तापत असताना. म्हणजे उष्णतेचा धक्का खरा आहे, आणि दुसऱ्या कारणांपुढे लहानही आहे. दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात लिहा. एकच लिहिली की वाचकाची दिशाभूल होते.

माणसं जुळवूनही घेतात. याची चाचणी तुमच्या फाइलमध्येच करता येते: पहिली पाच आणि शेवटची पाच वर्षं वेगळी चालवा, आणि हंगामातली पहिली लाट शेवटच्या लाटेशी ताडा. परिणाम कमी होत गेलेला दिसला तर आजचा गुणक (उष्णतेमागे गुन्ह्यांत होणारी वाढ) तीस वर्षं तसाच ओढता येत नाही. आणि जे तापमान तुमच्या नोंदींत एकदाही आलं नाही, तिथपर्यंत रेषा लांबवू नका.

तिसरा प्रश्न पोटाच्या वाटेने येतो. पाऊस चुकला, पीक गेलं, हातातला पैसा आटला की घरात आणि गावात कुणावर तरी संकट कोसळतं, आणि बहुधा जो सर्वात दुबळा त्याच्यावर. टांझानियाच्या ग्रामीण भागात अतिवृष्टी किंवा दुष्काळाच्या वर्षी ‘चेटकीण’ ठरवून केलेल्या हत्या दुप्पट झाल्याचं एडवर्ड मिगेल यांनी २००५ मध्ये दाखवलं. बळी मुख्यतः म्हाताऱ्या बायका. भारतात जिल्ह्याच्या सरासरीपेक्षा पाऊस एका प्रमाण विचलनाने (वर्षावर्षात नेहमी होणाऱ्या चढउताराच्या मापाने) कमी झाला की हुंडाबळींच्या नोंदी ७.८ टक्क्यांनी वाढल्याचं २०१४ च्या अभ्यासात आढळलं. इथे रोजचा पारा कुचकामी आहे. हंगामाचा पाऊस, मजुरी, धान्याचे भाव आणि वर्षाचे आकडे लागतात, आणि उपायही वेगळा: वेळेवर पोचणारी मदत, पीकविमा, रोजगार. दुष्काळातून युद्ध पेटतं अशा मांडणीपासून मात्र लांब राहा. सीरियाबाबत २०१५ मध्ये केलेल्या तशा दाव्याला २०१७ मध्ये मुद्देसूद आव्हान दिलं गेलं आहे.

पूर-वादळानंतर लोकांना लुटालुटीची भीती वाटते. प्रत्यक्षात आपत्तीच्या अभ्यासकांना ती सहसा तुरळकच आढळली आहे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्स शहराच्या स्टेडियममधल्या हिंसाचाराच्या बऱ्याच कहाण्या पुढे अतिरंजित निघाल्या. खरा पैसा गेला तो मदतीच्या फसवणुकीत: कॅटरिना आणि रीटा या वादळांनंतर वाटलेल्या मदतीपैकी ६० ते १४० कोटी डॉलर अयोग्य किंवा संशयास्पद असल्याचा अंदाज अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००६ मध्ये दिला. आणि एक लक्षात ठेवा: ठाण्यातच पाणी शिरलं की नोंदी थांबतात, त्यामुळे पुराच्या आठवड्यात गुन्हे ‘घटलेले’ दिसतात. ते आठवडे विश्लेषणातून काढा.

  

शिफारशी लिहिताना ‘उष्ण वस्त्यांत जादा पोलिस’ एवढ्यावर थांबू नका. अशा वस्त्या बहुधा गरिबांच्याच असतात. तिथे नुसती गस्त वाढली की नोंदीही वाढतात, आणि पुढच्या वर्षी तोच आकडा आणखी गस्तीचं कारण बनतो. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात ५४१ ओसाड भूखंडांवर, कुठे सुधारणा करायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून, प्रयोग झाला. जिथे कचरा काढून गवत-झाडं लावली, तिथल्या गरीब वस्त्यांत बंदुकीची हिंसा २९ टक्क्यांनी घटली. हे गारव्यामुळे झालं असा दावा त्या प्रयोगात नाही, तो तुम्हीही करू नका. हेल्पलाइन आणि आश्रयगृहांची जादा पाळी लाटेच्या पहिल्या दिवसापासून लाट संपल्यानंतर किमान पाच दिवस ठेवा, ही शिफारस मी सर्वात वर लिहीन.

मुख्य निष्कर्षाचं वाक्य साधारण असं ठेवा: ‘या शहरात, त्याच महिन्यातल्या नेहमीच्या दिवसांच्या तुलनेत अमुक अंशांहून उष्ण दिवशी मारहाणीच्या नोंदी अमुक टक्क्यांनी अधिक आढळल्या. विश्वासमर्यादा (खरा आकडा ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता आहे तो) अमुक ते अमुक. हा परिणाम नोंदवलेल्या गुन्ह्यांपुरता आहे. असे दिवस हवामान बदलामुळे किती वाढले हे इथे तपासलेलं नाही.’

आज एवढंच करा: फाइलमधून मारहाणीच्या नोंदी वेगळ्या काढा, घडल्याची वेळ तपासा, सहा ते सहाचा दिवस लावा आणि वर्ष-महिना व वार स्थिर धरून पहिलं रिग्रेशन चालवा. कप्प्यांचा आलेख आणि प्रत्येक कप्प्यातल्या दिवसांची संख्या इथे टाकलीत, तर रेषा कुठे आणि का वाकते ते पुढे पाहू.